आखाडात बघ, श्रावणात पाज

बायो, परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्ये, कोंबड्या खातात बक्कळ पण अंडी घालत नाहीत. जंत झाले असतील म्हणे. दुकानातून औषध आणलंय, देऊ का?" थांब. बाटलीचं बूच उघडू नकोस. औषध हे शेवटचं काम. त्याच्या आधी बघायची, चाचपायची आणि मोजायची कामं असतात. ती मी पन्नासेक वर्षं करतेय. काही सासूबाईंनी दाखवली, काही तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी, आणि बाकीची मेलेल्या पिल्लांनी शिकवली. फोनवर सांगितलेलं तुझ्या लक्षात राहत नाही, म्हणून लिहून पाठवतेय.

आधी एकच गोष्ट मनाशी धर. जंत कोंबडीच्या पोटात राहतो, पण त्याचं बियाणं तुझ्या परड्यात पडलेलं असतं. पोट एका सकाळीत साफ होतं, परड्याला अख्खं वर्ष लागतं. नुसतं पोट साफ केलंस आणि परडं तसंच ठेवलंस, तर दोन महिन्यांनी पुन्हा तीच कोंबडी आणि तोच जंत.

चहाच्या आधी शीट बघ

सकाळी खुराडं उघडलंस की कोंबड्यांच्या मागे धावू नकोस, आधी आत वाकून बघ. रात्रभर जिथं बसल्या त्या दांडीखाली कोंबड्यांनी सगळी खबर लिहून ठेवलेली असते.

चांगली शीट घट्ट, तपकिरी-हिरवट असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. ती टोपी म्हणजे कोंबडीचं मूत. तिला घाबरू नकोस. दर आठ-दहा शिटांमागे एक शीट काकवीसारखी काळपट, चिकट आणि घाण वासाची येते. नवी माणसं तिलाच हगवण समजतात. ती हगवण नाही. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्या रिकाम्या झाल्या की तसं पडतं. खुडुक कोंबडी दिवसातून एकदोनदा रवणीवरून उठते, तेव्हा तिचा गोळा मोठा आणि दुर्गंधीचा असतो, तेही बरोबरच. वैशाखात कोंबडी पाणी फार पिते, म्हणून शीट पातळ होते.

काळजी केव्हा करायची? तीन-चार दिवस सगळ्याच शिटा पातळ पडल्या, त्यांत शेंबडासारखं काही दिसलं, मागची पिसं बरबटली, शिटेवर भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे वळवळले, की समज. आणि शिटेत ताजं रक्त दिसलं तर बाकीचं सोड आणि खाली रक्तीचं लिहिलंय ते आधी वाच.

शिटेत जंत दिसला नाही म्हणजे पोटात नाही असं मात्र नाही. मोठा जंत सहसा बाहेर पडत नाही, आत बसून अंडी सोडतो, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. चार-पाच कोंबड्यांची ताजी शीट झाकणाच्या डबीत भरून त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात दे. मिठाच्या दाट पाण्यात शीट कालवली की जंताची अंडी वर तरंगतात आणि दुर्बिणीखाली दिसतात. दुकानदाराच्या अंदाजापेक्षा ही तपासणी भरवशाची.

डोळ्यांनी नको, बोटांनी बघ

पिसं माणसाला फसवतात. वरून गोल गरगरीत दिसणारी कोंबडी आतून काठी झालेली असते. म्हणून रात्री, कोंबड्या दांडीवर बसून सुस्तावल्या की हात घाल. छातीच्या मधोमध नावेच्या तळासारखं हाड असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखं बोटाला लागलं तर कोंबडी खातेय, पण ते अंगी लागत नाही.

मग दिवसा तुरा बघ. अंड्यावरच्या तलंगेचा तुरा लालभडक असतो. जंताच्या कोंबडीचा फिका, सुरकुतलेला. पंख ढिले पडतात, पिसं फुगवून ती एका पायावर कोपऱ्यात उभी राहते. अंडी कमी होतात, आणि फोडल्यावर बलक फिकट रंगाचा निघतो. पण बलक फिका पडायला हिरवा पाला कमी पडणं हेही कारण असतं. एका खुणेवर जाऊ नकोस, तीन खुणा एकत्र आल्या तर बोल.

दर महिन्याला दोन-तीन ठरावीक कोंबड्या पिशवीत घालून हुकाच्या काट्याला टांग आणि वजन भिंतीवर लिही. गावठी कोंबडी साधारण किलो ते दीड किलो भरते. वाढत्या तलंगेचं वजन महिनाभर हललं नाही, तर भिंत तुला माझ्या आधी सांगेल.

पोटात कोण बसलंय ते ओळख

सगळे जंत एक नव्हेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मी हे हात भाजून शिकले. शिटेवर शितं दिसली म्हणून मी दुकानातून पिपरॅझिन आणून पाजलं. दुसऱ्या दिवशी शितं तशीच. पुन्हा पाजलं, तरी तशीच. औषध खोटं नव्हतं, माझी ओळख चुकली होती.

पहिला मोठा गोल जंत. शिजलेल्या शेवईसारखा, पिवळट पांढरा, बोटाएवढा लांब. मादी १२ सेंटिमीटरपर्यंत वाढते. लहान आतड्यात राहतो आणि तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना सर्वांत जास्त पिडतो. गर्दी झाली तर आतडं तुंबतं. पिपरॅझिन लागू पडतं ते ह्याच एकाला, आणि तेही मोठ्या झालेल्या जंतालाच.

दुसरा त्या आंधळ्या पिशव्यांतला बारीक जंत, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा. कोंबडीला तो फार त्रास देत नाही. पण शेजारी टर्की पाळली असेल तर जप. टर्कीच्या काळजाचा जीवघेणा रोग ह्याच जंताच्या अंड्यांतून पसरतो.

तिसरा केसासारखा. नावाप्रमाणेच बारीक, आतडं पाण्यात धुऊन बघितलं तरच दिसतो. जाडीने सर्वांत कमी, पण कोंबडी सुकवण्यात कुणाला ऐकत नाही.

चौथा चपटा, फितीसारखा, गाठीगाठींचा. शेवटच्या गाठी तुटून शिटेवर पडतात, तीच तुझी शितं. हा कोंबडीकडून कोंबडीला थेट जात नाही. मुंगी, माशी, शेणकिडा, गोगलगाय ह्यांच्या पोटातून फिरून येतो. म्हणून पावसात गोगलगायी चढल्या की ह्याचं राज्य. ह्याला प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड लागतं.

गोल, बारीक आणि केसाच्या जंतांवर फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोल चालतं. लेव्हामिसोल गोल आणि बारीक जंतांवर. नावं तुला ठाऊक असावीत म्हणून लिहिली. कोणतं आणि किती ते डॉक्टरांना शीट दाखवून ठरव.

जंत वाट बघतो, रक्ती बघत नाही

एका पावसात माझी अठरा पिल्लं तीन आठवड्यांची झाली होती. खुराड्यातलं तूस भिजलेलं, बदलायला कोरडं मिळेना. एका सकाळी शिटेत रक्त दिसलं. मी म्हटलं जंत. जंताचं औषध दिलं, वर लसूण-हळद चारली आणि वाट बघत बसले. तीन दिवसांत अकरा पिल्लं गेली. डॉक्टर आले, एक मेलेलं पिल्लू उघडलं. त्या दोन आंधळ्या पिशव्या रक्ताने टच्च भरल्या होत्या. ते म्हणाले, "काकू, ही रक्ती हगवण. ह्यात जंत नसतो, दुर्बिणीतून दिसणारा जीव असतो. जंताच्या औषधाने तो हलत नाही."

तेव्हापासून हा मंत्र. तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू, दमट गादी आणि रक्ताची शीट, हे तिन्ही जमले की त्याच दिवशी दवाखाना. ॲम्प्रोलियम पाण्यातून देतात. ते चालू असताना बी जीवनसत्त्वाचं टॉनिक पाण्यात मिसळू नकोस, कारण हे औषध त्याच जीवनसत्त्वाची वाट अडवून काम करतं. पाणी त्या एकाच भांड्यातलं ठेव, दुसरीकडे पिता येऊ देऊ नकोस. आणि गादी बदल. दमट, उबदार गादीत ह्या रोगाचं बी दिवस-दोन दिवसांत तयार होतं, म्हणून औषधाइतकंच कोरडं तूस महत्त्वाचं.

सगळ्याचा दोष जंतावर ढकलू नकोस

हिरवी पाण्यासारखी हगवण, तोंड उघडून श्वास, मान वाकडी, आणि चार दिवसांत निम्मं खुराडं रिकामं, तर ती मानमोडी. तिला औषध नाही, लसच. आणि लस टोचायच्या साधारण आठवडाभर आधी जंत पाडून घे. अंगात ताकद असलेल्या कोंबडीला लस नीट लागते.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर एकही कापू नकोस, उघडू नकोस, शेजारी वाटू नकोस. गुरांच्या दवाखान्याला कळव. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला तेव्हा केवढ्या कोंबड्या पुरल्या, ते तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आम्ही वाचलंय.

आखाडात बघ

आता माझा खरा कानमंत्र. आपल्याकडे आखाडात कोंबडी कापतात, आणि जंतही त्याच सुमाराला चढू लागलेला असतो. मिरगापासून महिना-दीड महिना पाऊस पडलेला, माती ओली आणि उबदार. शिटेतून पडलेलं अंडं अशा मातीत दोन-तीन आठवड्यांत पिकतं. कोंबडी ते टिपते, आणि पाच ते आठ आठवड्यांत तिच्या पोटात अंडी घालणारा जंत तयार होतो.

म्हणून वडे-सागोतीसाठी कोंबडी कापली की आतडी सरळ उकिरड्यावर टाकू नकोस. एका ताटात घे आणि कात्रीने लांबीतून उघड. लहान आतड्यात शेवया दिसतात का बघ. दोन आंधळ्या पिशव्या उघडून पाण्यात झटक. आतड्याच्या आतल्या अंगाला फिती चिकटल्यात का, बाहेरून बारीक गाठी आल्यात का, ते बघ. एका कोंबडीवरून सगळ्या खुराड्याचा अंदाज येतो, कारण सगळ्या त्याच मातीत टिपतात. मटण खायला हरकत नाही, कोंबडीचे हे जंत माणसाला लागत नाहीत. पण आतडी कुत्र्याला टाकू नकोस, खोल पूर. आणि हात साबणाने धू.

श्रावणात पाज

जंताचं औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, ते औषधागणिक वेगळं असतं, डॉक्टरांना विचार. त्या दिवसांतली अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. एरवी ही टोपलीभर अंडी पुरताना जीव कळवळतो. पण श्रावणात घरात अंडं शिजतच नाही आणि गावात गिऱ्हाईकही नसतं. म्हणून सासूबाई श्रावण लागला की खुराड्याचं औषधपाणी काढायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "आपला उपास, त्यांचा जुलाब." मला तेव्हा हसू यायचं. आता त्यांचा हिशोब कळतो.

पाजण्याची रीत अशी. आधी वजन. दहा कोंबड्या, प्रत्येकी सव्वा किलो, म्हणजे साडेबारा किलो जीव. डॉक्टर किलोमागे जेवढं सांगतील त्याला ह्या आकड्याने गुण. शाळेत पोरांना देतात ती ४०० मिलिग्रॅमची गोळी चिमटीने मोडून "असेल एवढी" करू नकोस. कमी पडलं तर जंत मरत नाही, उलट औषधाला सरावतो.

दहा-बारा कोंबड्या असतील तर एकेकीला हातानेच पाज. दिवेलागणीला धर, काखेत दाब, चोचीच्या बाजूने थेंबथेंब सोड. घशात सरळ पिचकारी मारू नकोस. जिभेच्या मुळाशी श्वासाची नळी उघडी असते, औषध फुप्फुसात गेलं तर कोंबडी तिथंच जाते. जास्त कोंबड्या असतील तर रात्री पाणी काढून घे आणि सकाळी दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात औषध दे. पण आजारी कोंबडी पाणी कमी पिते, आणि जिला गरज तिलाच औषध कमी मिळतं, हे ध्यानात ठेव.

औषधानंतर दोन दिवस त्यांना परड्यात सोडू नकोस. जंत आणि त्यांची अंडी बाहेर पडतात ती ह्याच दोन दिवसांत. आत तूस अंथर, सगळी शीट त्यातच पडू दे, मग ते तूस जाळ किंवा खोल पूर. नाहीतर पोटातलं बियाणं तू स्वतःच्या हाताने परड्यात पेरलंस.

पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दे. आतड्याच्या अस्तरात दडलेली जंताची पिल्लं पहिल्या खेपेला सुटतात. पुढे मिरगाआधी, श्रावणात आणि दिवाळी झाल्यावर. नवी पिल्लं दोन महिन्यांची झाली की त्यांना वेगळं. उन्हाळ्यात शीट तपासून गरज असेल तरच. पिसं गळायच्या दिवसांत फेनबेंडाझोल टाळ, नवं पीस वेडंवाकडं येऊ शकतं. आणि अगदी मरगळलेलं पिल्लू असेल तर त्याला आधी डॉक्टरांकडे ने; जंत एकदम मेले तर त्यांचा गोळा आतड्यात अडकतो.

लसूण चार, पण लसणावर विसंबू नकोस

पपईच्या बिया, लसूण, वावडिंग, कडुलिंब हे सगळं आमच्याकडे चारतात. मीही चारते. त्याने कोंबडीचं वाईट होत नाही, पण भरलेलं आतडं रिकामं होईल असा भरवसा मी देणार नाही. अकरा पिल्लं त्या भरवशावर गेली. राख कोंबडीला लोळायला दे, उवा-गोचिडांना ती चांगली. पोटातल्या जंताला राखेचं काही नाही. पाणी गुलाबी करणाऱ्या औषधानेही जंत मरत नाही.

चारायचंच असेल तर चांगलं चार. शेवग्याचा पाला, हिरवी भाजी, थोडी सुकटीची भुकटी. अ जीवनसत्त्व आणि प्रथिनं कमी पडलेल्या कोंबडीला जंत जास्त खातो. नुसत्या कणीवर वाढलेली तलंग आणि पाला-सुकट खाल्लेली तलंग, दोघींच्या पोटात तेवढेच जंत असले तरी आधी आडवी होते पहिली.

परड्याला औषध ऊन

बाकी सगळी कामं इथं. दाणे ओल्या मातीत उधळू नकोस, टांगलेल्या भांड्यात घाल. पाण्याचं भांडं विटांवर ठेव आणि खालचा चिखल रोज खरवड. खुराडं दोन हात उंच, तळाला फळ्यांमध्ये फटी, म्हणजे शीट खाली पडते आणि कोंबडीच्या पायाला लागत नाही. ती रोज काढून खताच्या ढिगात तापू दे.

तूस अंथरलं असेल तर ते रोज उलथ, ओलं दिसलं की काढ. रिकाम्या खुराड्यात विरलेल्या चुन्याची फक्की टाक आणि वाळल्यावरच कोंबड्या आत घे. फिनेल शिंपडून जंताची अंडी मरत नाहीत. त्यांना मारतं ते ऊन आणि कोरडेपणा. सावलीत ओल मिळाली तर वर्षभरही तग धरतात. म्हणून गवत कापून ठेव, माडाच्या झावळ्यांचे ढीग काढ, मोरीचं पाणी दुसरीकडे वळव. जाळी लावून परड्याचे दोन भाग कर. एका भागात कोंबड्या, दुसऱ्यात तीन महिने उन्हाची पाळी.

पिल्लं आणि थोरल्या कोंबड्या एकत्र ठेवू नकोस. थोरलीच्या पोटात थोडे जंत असतात, तिला कळतही नाहीत; तिच्या शिटेतून पिल्लाला मिळतात. बाजारातून नवी कोंबडी आणलीस तर तीन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेव. तिथंच औषध पाज आणि मगच परड्यात सोड. गांडुळं मात्र त्या खाणारच. त्यातून जंताची अंडी येतात, पण कोंबडीला माती उकरायला बंदी करायची तर कोंबडी पाळायचीच कशाला?

आता त्या बाटलीचं सांगते. तिचं नाव वाचून मला फोनवर सांग. मग आज रात्री विजेरी घेऊन खुराड्यात जा, दहाच्या दहा कोंबड्यांच्या छातीवर बोट फिरव आणि कोणाकोणाचं हाड लागलं ते भिंतीवर लिही. उद्या शिटेची डबी दवाखान्यात पोचव. अजून आखाड आहे. श्रावणाला आठ दिवस आहेत, तेवढ्यात सगळं होतं.

तुझी आत्या